एकदाच उघडलेली राखीव छत्री

मी एक जुनी हवाई छत्री आहे. पावसातली नव्हे हो! विमानातून उडी मारणाऱ्याला अलगद जमिनीवर आणते, ती. आणि त्यातही मी राखीव. मित्रांनो, उडी मारणाऱ्याच्या पाठीवर दोन छत्र्या असतात. थोरली आधी उघडते. तिचे फोटो निघतात, लोक माना वर करून टाळ्या वाजवतात. तिने दगा दिला, तरच धाकटीची, म्हणजे माझी, कडी ओढायची. ‘देवा, हिची गरज न पडो’ असं म्हणत जिला सगळीकडे बरोबर नेतात, ती मी. इतका मान आणि इतकं दुर्लक्ष एकाच वेळी वाट्याला आलेली दुसरी वस्तू असेल तर मला दाखवा.

माझा जन्म मैदानाच्या कडेला असलेल्या एका लांबट शेडमध्ये झाला. शिवणयंत्रांच्या दोन रांगा आणि मधोमध घड्या घालायचं लांबलचक टेबल. मला जिने शिवलं तिला सगळे ‘बाई’ म्हणत. शाळा चौथीपर्यंत, पण नजर अशी की एक टाका वाकडा पडला तर अख्खी शिवण उसवायची. शेजारची शिवणारी एकदा म्हणाली, “राहू दे गं, इतक्या वरचं कोणाला दिसतंय?” बाई सुई न थांबवता म्हणाली, “वरून खाली येणाऱ्याला दिसतं.”

एक दिवस ती उड्या शिकवणाऱ्या उस्तादांसमोर जाऊन उभी राहिली. “शिवायचं आम्ही, उडी मारायची तुम्ही. माझ्या शिवणीवर माझा स्वतःचा भरवसा किती, ते मला कसं कळायचं?”

उस्ताद हसले. हसणं संपलं तेव्हा बाई पट्टे बांधून तयार होती.

घरी सासूबाईंनी डोक्याला हात लावला. “माळ्यावरचा डबा काढायला शेजारणीला हाक मारतेस, आणि आभाळातून उड्या मारणार?”

“माळ्यावर चढताना पाठीला छत्री नसते, सासूबाई.”

आमच्या भागात त्याआधी एकाही बाईने विमानातून उडी मारली नव्हती. आमच्या बाईने मारली, आणि खाली आल्यावर पहिल्यांदा काय केलं, तर छत्रीची शिवण तपासली. पुढे ती शिकवायला लागली. तिने शिकवलेल्या पोरी आज दुसऱ्यांना शिकवतात.

शेडमध्ये तिचा एक नियम होता. टेबलावर घडी चालू असताना कोणी बोलायचं नाही. बोललं, की केलेली घडी मोडायची आणि पहिल्यापासून सुरुवात. मग बोलणारा कोणीही असो. एकदा तपासणीला आलेला मोठा साहेब दाराबाहेर मुकाट उभा राहिला होता, टोपी काखेत धरून. “माणसाचा जीव दोऱ्यांच्या मोजणीत असतो,” बाई म्हणायची, “आणि मोजणी जिभेने विस्कटते.”

आता जे सांगते ते नीट ऐका.

बाईची लेक एकोणीस वर्षांची झाली आणि पहिल्यांदा एकटीने मला बांधायला बसली. केवढा अभिमान होता तिला! ओठ घट्ट मिटलेले, माझ्या दोऱ्यांचा जुडगा डाव्या हातात, मनातल्या मनात मोजणी. तेवढ्यात दारातून हाक आली, “अगं, तुझी नवी चप्पल कुत्र्याने पळवली!”

हाक मारणारी कोण? खुद्द बाई! स्वतःचाच नियम तिने चपलेपायी मोडला. लेक पळाली. परत आली तेव्हा तिला दम लागला होता, हातात कुत्र्याने चावलेली एकच चप्पल होती. घडी मोडायला हवी होती. पण निम्म्याहून जास्त झाली होती, आणि उशीर झाला तर आई म्हणेल, हिला जमत नाही. ती होती तिथूनच पुढे गेली. माझी एक दोरी माझ्याच अंगावरून आडवी गेली होती. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी मला पाठीवर घेऊन बाईने उडी मारली आणि थोरली छत्री पिळवटली. बाईने तिला पट्ट्यांपासून तोडून टाकलं आणि माझी कडी ओढली. मी उघडले! आयुष्यात एकदाच, पण जीव तोडून उघडले. ती आडवी दोरी मात्र माझ्या पोटात रुतली, माझे दोन फुगे झाले, आणि बाई हवी त्याहून जोरात खाली आली. घोटा मोडला. जीव वाचला.

सगळे म्हणाले, राखीव छत्रीने लाज राखली. लेक काही म्हणाली नाही. त्या दिवसापासून तिने घडीला हात लावला नाही. ती छत्र्या शिवायची, तपासायची, घडी घालायचा परवानाही वेळच्या वेळी नवा करून घ्यायची. घडीची वेळ आली की मात्र म्हणायची, “दुसऱ्या कोणाला सांगा.” बाई लंगडत पुढे निघून जायची. बोलायची नाही.

मला बाईने पेटीत ठेवलं. त्याआधी माझ्या कप्प्यातल्या कार्डावर, घडी घालणारीची सही असते तिथे, बाईने काहीतरी लिहिलं. अक्षर अक्षर पुटपुटत लिहायची ती, म्हणून मला ते पाठ आहे. मग तीस वर्षं काळोख. एका उंदराने माझा कोपरा चाखला आणि नापसंत करून गेला. तेवढीच करमणूक.

बाई गेली, पिकलं पान होऊन, अंथरुणात. वर्षाने तिच्या शिष्यांनी ठरवलं, बाईच्या आठवणीत नातीने उडी मारायची. नात म्हणजे आजीचीच जीभ.

“आई, माझी राखीव तू बांधायचीस.”

“मी बांधत नाही. माहीत आहे ना?”

“का बांधत नाहीस, ते माहीत नाही.”

“नसू दे.”

“मग मी उडीच मारत नाही. बसू दे सगळ्यांना आभाळाकडे बघत.”

नातीने तणतणत पेटी उघडली. मला त्या दिवशी भिंतीवर लावायचं होतं. मी बाहेर आले, आणि माझ्यातून ते कार्ड पडलं. नातीने वाकडीतिकडी अक्षरं मोठ्याने वाचली:

“घडी लेकीची. मधी मी बोलले, चपलेपाई. लवकर झाली हे दिसलं, इचारलं नाही. चूक माझी. लेकीला सांगू नये, घाबरंल.”

लेक पेटीच्या कडेवर मटकन बसली. “तिला माहीत होतं?” ती म्हणाली. मग रडता रडता हसली. “आणि त्या चपलेचा अंगठासुद्धा त्या कुत्र्याने शिल्लक ठेवला नव्हता गं!”

दोघी मायलेकी, एक लेकीला वाचवायला आणि दुसरी अपराधाच्या ओझ्याने, तीस वर्षं गप्प बसल्या, मित्रांनो. शहाण्या बायका, पण गप्प बसायची वेळ चुकली.

लेकीने हात धुतले, पुसले आणि टेबलाशी उभी राहिली. नातीची राखीव छत्री समोर पसरली. हात आधी अडखळले, मग विसरलेली वाट पायांना आठवावी तसे चालायला लागले. घडी संपत आली होती. इतक्यात दारात शिष्यमंडळी जमली, आणि पुढे काठी टेकत आलेले म्हातारे उस्ताद, ऐकू कमी येत असल्याने, गरजले, “काय गं पोरी, सुरुवात कधी?”



लेकीने वर पाहिलं. मग दोन्ही हातांनी ती अख्खी घडी ओढून मोडली, झटकली, आणि पहिली दोरी हातात घेतली.

कोणी बोललं नाही. उस्तादांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. बाईसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं होतं; सगळे पाऊण तास उभे राहिले. लिहून आणलेली भाषणं खिशातच राहिली.

नातीने उडी मारली. थोरली छत्री टच्च उघडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकीने बांधलेली राखीव उघडलीच नाही. आमच्या कुळात याहून मोठं यश नाही.

आता मी शेडच्या भिंतीवर आहे, कार्डासकट. घड्या लेक घालते, नव्या पोरींनाही शिकवते. मला त्याचं फार बरं वाटतं. तुम्ही आलात तर मला हात लावू नका. माझं कापड आता जुनं झालंय. पण दोन गोष्टी घेऊन जा. तुमच्याकडेही काहीतरी राखीव असेल, कोपऱ्यात पडलेलं, कामाला न आलेलं. त्याला अधूनमधून ऊन-वारा दाखवा. आणि घडी चालू असताना तोंड मिटा, पण चूक झाली तर नंतर उघडा. माझ्यासारखं एकदाच उघडलं तरी चालेल, पण वेळेवर.