तोलोगोनची डावी बाजू

मित्रांनो, तीन चाकांची मोटारसायकल तुम्ही पाहिली आहे का? मी तशी आहे, आणि चांगली जुनी आहे. दोन चाके माझी स्वतःची. तिसरे माझ्या उजव्या अंगाला जोडलेल्या डब्याचे. त्या डब्यात एक माणूस पाय लांब करून बसू शकतो, किंवा दुधाचे चार कॅन मावतात, किंवा दोन मेंढ्या. हे सगळे मी वाहिले आहे.

माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला. लाकडी खोक्यात घालून, आधी आगगाडीने आणि मग ट्रकने मला किरगिझस्तानात आणले. इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावर एक सामुदायिक शेती होती. तिथे मी अठरा वर्षे दूध पोचवले. त्या काळी माझा मोठा मान होता. नव्या नवरीला माझ्या डब्यातून आणत आणि माझ्या हँडलला लाल फीत बांधत. पुढे ती शेती मोडली, माणसे पांगली, आणि मी एका छपराखाली पडून राहिले. कोंबड्या माझ्या डब्यात अंडी घालू लागल्या. कोंबड्या स्वभावाने वाईट नव्हत्या, पण बारा वर्षांत माझ्या अंगावरचा गंज कुणी पुसला नाही.

शेवटी जुमाशने मला बाहेर काढले. जुमाश हा सरोवराकाठच्या आरोग्यधामात पाणी तापवण्याच्या भट्टीवर कामाला होता. त्याने माझे इंजिन उघडून स्वच्छ केले, जुनी चेन काढून दुसरी घातली, आणि मी पुन्हा गवताचे भारे वाहू लागले.

एका उन्हाळ्यात त्या आरोग्यधामात सुट्टीसाठी एक जोडपे आले. तोलोगोन बिश्केक शहरात बस चालवायचा. त्याची बायको सायराकान एका शिवणकारखान्यात होती. लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती आणि दोघांची मिळून ही पहिलीच सुट्टी. चार दिवस दोघांनी औषधी चिखलाचे लेप लावून घेतले. पाचव्या दिवशी सायराकान म्हणाली, "मला अजून चिखलात लोळवलंत तर मी म्हैस होईन. वर डोंगरात जाऊ या."

तोलोगोनने जुमाशकडे मला एका दिवसासाठी मागितले. जुमाश हसला. "बसवाल्याला ही काय, खेळणंच. घेऊन जा. फक्त उजव्या वळणावर डबा उचलला जातो, तेवढं जपा."

सकाळी आम्ही निघालो. रस्ता लाल मातीच्या टेकड्यांमधून वर चढत होता. सायराकान डब्यात बसली होती, मांडीवर पावाची पिशवी. बसवाल्याचा हात कसा असतो याची मला फार उत्सुकता होती. हात खरोखरच चांगला निघाला. गिअर बदलल्याचे मला कळतसुद्धा नव्हते. आणि तरी काहीतरी चुकत होते. उजवीकडचा प्रत्येक दगड तो लांबूनच टाळत होता. डावीकडचे खड्डे मात्र माझ्या चाकाला एकामागून एक भेटत होते. मधूनच तो कोंबडीसारखी सबंध मान डावीकडे वळवून बघे. असे का करतो हा? माझे हँडल वाकडे आहे का? मी दोन तास माझ्यातच दोष शोधत राहिले.

ओढ्यावरच्या लाकडी पुलाजवळ डावीकडच्या उतारावरून एक घोडा खाली येत होता. मला तो दिसला, सायराकानला दिसला. तोलोगोनला दिसला नाही. "घोडा, घोडा, अहो," असे सायराकान ओरडेपर्यंत आम्ही त्याच्या अंगावर होतो. तोलोगोनने ब्रेक दाबला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याच्यावरची म्हातारी घसरून गवतात पडली.

ती उठून बसली, फेटा सारखा केला आणि हातपाय हलवून पाहिले. मोडले काही नव्हते. तिचे नाव उपेल. उन्हाळाभर ती त्या माळावर मेंढ्या घेऊन राहायची.

"डोळे बघायला दिलेत का भुवया टांगायला?" तिने तोलोगोनला विचारले.

"चुकलं, आई," तोलोगोन म्हणाला.

"चुकलं तर चुकलं. आता आलाच आहात, तर किमीझ प्या. मला पाडून तहानलेले गेलात, असं व्हायला नको."

तिच्या लोकरीच्या तंबूपुढे सतरंजी अंथरली होती. मी चार हात अंतरावर उभी होते, त्यामुळे मला सगळे दिसले. उपेल किमीझची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, दोन वाडगी सायराकानच्या हाती देऊन मेंढ्यांकडे गेली. सायराकानने एक वाडगे मुकाट्याने तोलोगोनच्या डाव्या गुडघ्याजवळ ठेवले आणि आपले पिऊ लागली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मला नाही का देणार?"

"कधीचं ठेवलंय."

त्याने मान वळवली आणि त्याला वाडगे दिसले. मग बायको आपल्याकडे कशी बघते आहे, तेही दिसले.

"कधीपासून?" तिने विचारले.

"गेल्या थंडीपासून. डाव्या डोळ्यापुढे धुकं आहे. वाढतंय."

"आणि डेपोतली तपासणी?"

"तक्ता पाठ आहे मला. वीस वर्षं तीच अक्षरं." तो हसायला गेला, पण हसू आले नाही. "पेन्शनला चारच वर्षं राहिलीत, सायरा. कशीतरी काढतो. बस सोडली तर मी घरात बसून करू काय? मला दुसरं काही येत नाही."

"सकाळच्या फेरीला तुमच्या बसमध्ये शाळेची पोरं असतात."

वाऱ्याने तंबूची लोकर हलत होती.

"डेपोत सांगणार आहेस?" त्याने शेवटी विचारले.

"मी नाही. तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "मी बाहेर बाकावर बसेन."

तो उठला आणि माझ्याकडे आला. मी मनातून घाबरले होते. उतार मोठा होता. पण सायराकान त्याच्या आधी येऊन माझ्यावर बसली. तिने पेट्रोलचा कॉक उघडला आणि एका लाथेत मला सुरू केले. मित्रांनो, एवढ्या वर्षांत पहिल्या लाथेत मी फार थोड्यांना दाद दिली आहे.

"तुला ही चालवता येते?" तोलोगोन बघतच राहिला.

"माहेरी अशीच होती. लग्नाआधी मी तीन वर्षं दूध पोचवलंय."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

तो डब्यात बसला. सव्वीस वर्षे न चालवलेला हात पहिल्या वळणावर जड होता, दुसऱ्यावर सैल झाला. खालच्या गिअरवर ती मला सावकाश उतरवू लागली. एका उजव्या वळणावर माझा डबा उचलला गेला. ती घाबरून कडक झाली. तोलोगोनने तेवढ्यात सबंध अंग बाहेर झोकून डबा खाली दाबला. "गॅस सोडू नकोस. अशीच. आता सरळ," तो शांतपणे म्हणाला. चाक टेकले. मग सरोवर दिसेपर्यंत तो तिला सांगत राहिला, पुढे वाळू आहे, इथे हळू, इथे जाऊ दे. नवख्या ड्रायव्हरला शिकवावे तसे.

पुढच्या उन्हाळ्यात ती दोघे पुन्हा आली. जुमाशला ती दोघे सांगत होती, ते मी ऐकले. तोलोगोन डेपोत स्वतः गेला होता आणि सगळे बोलला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येणार नाही. उरलेली रोज थेंब घालून टिकेल. बस चालवणे सुटले. तीन महिने तो घरात कुणाशी बोलला नाही. नंतर डेपोने त्याला नव्या ड्रायव्हरांना शिकवायला बोलावले. "तेही काही बस चालवण्यासारखं नाही," तो जुमाशला म्हणाला. सायराकानने मला बाहेर काढले, तेव्हा तो न सांगता डब्यात जाऊन बसला.

मित्रांनो, मला काही झाले की लपत नाही. चेन सैल झाली की खडखडते, तेल गळले की खाली डाग पडतो. आणि मग मला तेलपाणी करा, असे सांगायची वेळच येत नाही. माणसे मात्र दुखणे घेऊन गुपचूप कामावर जात राहतात, घरच्यांच्या समोर, वर्षानुवर्षे. त्यांचा आवाज होत नाही. म्हणून तुम्हीच विचारत जा.