दिसतोय म्हणजे आहेच

मित्रांनो, माझं नाव तुम्ही ऐकलं असेल ते बहुतेक शिव्यांसोबतच. "कॅश भरली वाटतं, उडव ती!" गल्ल्यातली कॅश नव्हे बरं का, कॉम्प्युटरमधली. पनवेलला उरण नाक्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी राहतो. जुना कॅश फोल्डर. आज बोलतोय ते कौतुक करून घ्यायला नाही. माझ्या पोटातून एक माणूस गेला. एकदा तो दर्यात गेला होता, दुसऱ्यांदा माझ्याकडून गेला. हे कुणाच्या तरी कानावर घातल्याशिवाय मला राहवत नाही.

सात वर्षांपूर्वी धर्मराजशेठनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्यात फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर टाकलं. त्याच्यासोबत मी आपोआपच जन्मलो, मला मुद्दाम कुणी बनवलं नाही. माझं काम तसं साधं. कॅमेऱ्यातला मूळ फोटो असतो भला थोरला, तो उघडताना यंत्राला धाप लागते. म्हणून एकदा उघडला की त्याची हलकी नक्कल करून मी माझ्याजवळ ठेवतो. पुन्हा मागितलात की झटकन तीच पुढे करतो. तुम्हाला वाटतं, वा, फोटो उघडला! अहो, तुम्ही बघत असता ती माझी नक्कल असते.

माझ्या शेजारी सेटिंगची फाइल राहते. अंगाने चिमुकली, पण तोरा बघाल तर! कुठल्या नवरीला किती उजळ करायचं, वारलेल्या माणसाच्या मागे कोणतं निळं आकाश लावायचं, अंगात कोणता कोट चढवायचा, सगळं तिच्याकडे लिहिलेलं. आमच्याकडे रिवाजच आहे तसा. जन्मात ज्याने कोट शिवला नाही, तोही भिंतीवर जाताना कोट घालून जातो. शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "बघा, बोट लावलं की फोटो हजर!" कौतुक व्हायचं कॉम्प्युटरचं. राबायचो मी. पण तरी बरं वाटायचं.

मग मी फुगत गेलो. हळदी, साखरपुडे, बारशी, कुणाकुणाच्या होडीची पूजा, सगळं माझ्यात साठत राहिलं. डिस्कची पट्टी लाल झाली, यंत्र अडखळायला लागलं आणि माझ्या नावाने बोटं मोडणं सुरू झालं. त्यात शेठची एक पद्धत होती. अल्बम आणि पेनड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या घरी पोचला की मूळ फोटो वर्षभर ठेवायचे, मग पुसून जागा करायची. पुसायचे कसे, तर अख्खा फोल्डर उचलून कचऱ्यात. सॉफ्टवेअरला त्यांनी कधी सांगितलंच नाही. मग काय होणार? मूळ फोटो जायचे आणि माझ्या नकला तशाच राहायच्या. सॉफ्टवेअर उघडलं की पुसलेली लग्नंसुद्धा ओळीने हसताना दिसायची. कोपऱ्यात फक्त एक बारीक प्रश्नचिन्ह.

शेठची मुलगी प्रांजल या कामात तयार. ती सांगायची, "बाबा, ते नुसतं दिसतंय हो. मूळ फोटो गेलाय." शेठ म्हणायचे, "अगं, दिसतोय म्हणजे आहेच की!" आणि चहा घ्यायला जायचे. मला मात्र तेव्हापासून धास्ती लागली. हजारो माणसं माझ्या एकट्याच्या भरवशावर उभी होती, आणि मी तर केव्हाही पुसला जाणारा. हे कधीतरी अंगाशी येणार, हे मला दिसत होतं.

यंदा नारळी पुनवेनंतर होड्या दर्यात गेल्या. उरणकडच्या काशिराम कोळ्याची होडी तिसऱ्या दिवशी सापडली, काशिराम सापडला नाही. वाट बघून भावकीने ठरवलं, आता कार्य उरकायचं. बाराव्याच्या दोन दिवस आधी त्याची बायको कृष्णाबाई आमच्या दुकानात आली. ती पनवेलच्या बाजारात मासळी विकते. स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "शेठ, पाटावं ठेवाला फोटू पायजे. घरान एक पन नाय."

"आधार कार्डावरचा असेल की."

"होडीवं कारड न्यावा लागतं ना. त्याच्यासंगतीच गेला. मोबाइल पन गेला. माजा ह्यो बटनाचा." तिने पदराने तोंड पुसलं. "फोटू काढाला कुनी आला का पलायचा. म्हनायचा, फोटूनं आवक्ष कमी व्हतं. पन पुतन्याच्या हलदीला तुमच्या पोरीनं न इचारता त्याला काढलावता. त्यो मांडवाचा बांबू बांधीत व्हता."

हळद चार वर्षांपूर्वीची. अल्बममध्ये मांडव बांधणाऱ्याला कोण घेतं? पेनड्राइव्ह पुतण्याने टेम्पोत गाणी भरायला वापरला होता. प्रांजल त्या दिवशी कर्नाळ्याकडे एका जोडप्याचे फोटो काढायला गेलेली. शेठनी तिला फोन लावला. ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, "बाबा, मूळ फोटो आपण कधीच पुसलेत. पण आतली नक्कल मला काढता येईल. मी निघालेच. तोवर कशाला हात लावू नका."

निघाली ती, पण हायवेवर कंटेनरच्या रांगेत अडकली. इकडे शेठना राहवेना. समोर बाई बसलेली, डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. त्यांनी ती हळद शोधली, आणि मी माझं काम केलं. क्षणात काशिरामला पडद्यावर आणून उभा केला.

"ह्योच! ह्योच माजा मानूस!" कृष्णाबाई उठलीच. तिने पडद्यावर बोट टेकवलं. "बगा शेठ, हसतो कसा!"

शेठचेही डोळे भरले. त्यांनी फोटो मोठा करायला घेतला, तर यंत्र अडकलं. गोल चक्र फिरतच राहिलं. मग इंग्रजीत पाटी आली की फाइल सापडत नाही. शेठनी ती वाचलीच नाही. त्यांना दिसली ती डिस्कची लाल पट्टी. म्हणाले, "थांब बाई, मशीन भरलंय. पोरगी येईपर्यंत निदान मोकळं तरी करून ठेवतो. फोटो कुठे जातोय, समोर दिसतोय ना!"

मित्रांनो, तेव्हा मला तोंड असतं तर! शेठ, थांबा हो! खिशातल्या मोबाइलने या पडद्याचाच एक फोटो काढा, तेवढ्याने भागेल! ओरडत होतो मी, पण कुणाला ऐकू जाणार? 'कॅश साफ करा' वर बाण आला. खात्री आहे का, म्हणून यंत्राने विचारलं. शेठनी सवयीने ओके दाबलं.

सगळं संपायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. नवरी गेली, नवरा गेला, करवल्या गेल्या. मग कृष्णाबाईच्या बोटाखालची चौकट राखाडी झाली.

तिने बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "आता व्हता ना इथं? शेठ, माजा हात लागला म्हनून गेला काय?"

शेठनी माउस बाजूला सारला. म्हणाले, "नाही गं बाई. तुझा नाही. माझा हात लागला."

प्रांजल आली, तिने दोन दिवस हरवलेल्या फाइल शोधायचा खटाटोप केला. हाताला लागली कुणाची तरी अर्धी बांगडी आणि मांडवाच्या झालरीचा तुकडा. बाराव्याला पाटावर नुसता नारळ ठेवला. शेठनी नव्या दोन डिस्क आणल्या, आता प्रत्येक काम तीन ठिकाणी ठेवतात. चांगलंच आहे. पण वरातीमागून घोडं!

आणि मी? आम्हा फोल्डरांना मरण नसतं, फक्त पोट रिकामं होतं. पुन्हा भरायला लागलोय. पण काशिरामचा चेहरा मलाही आठवत नाही. तो हसत होता, हे मी कृष्णाबाईच्या तोंडून ऐकलं म्हणून तुम्हाला सांगू शकलो. माझी आठवण म्हणजे ती नक्कलच होती.

मित्रांनो, मला खुशाल पुसा. त्यासाठीच माझा जन्म. पण पुसण्याआधी एकदा उठून बघा, मूळ कुठे आहे. प्रश्नचिन्ह दिसलं तर थांबा, जाणत्याला विचारा. आणि ज्यांना कुणी अल्बममध्ये घेत नाही, त्यांचा एक तरी फोटो कागदावर काढून घरात ठेवा. तुमच्या फोनमध्येही माझी भावंडं आहेत. तीही भरत चाललीत, आणि त्यांनाही बोलता येत नाही.

कृष्णाबाई अजून येते. दर बुधवारी मासळी संपली की रिकामी पाटी दाराशी उतरवते आणि आत डोकावते. प्रांजलने तिला दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा तिचा धीर झाला नाही. आता प्रांजल कॉम्प्युटर चालू करते, ती हळद उघडते, राखाडी चौकटींची रांग लागते. कृष्णाबाई हात पाठीमागे धरून लांब उभी राहते आणि विचारते, "आला का गं?"