वहिनींची सकाळची कमिट

चूक सापडली तेव्हा अकरा वाजले होते. पावणेदहाला केलेल्या कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, वहिनींनी लिहिलं होतं, ‘सुट्टीच्या दिवशी डायलिसिसची पाळी लागणार नाही’. आणि सुट्ट्यांच्या यादीची फाइलच आत घ्यायची राहिली होती. निमंत्रण गेलं, पत्ता घरीच.

ऑफिस एका खोलीचं, टेबलं चार. रुग्णांच्या पाळ्या लावण्याचं सॉफ्टवेअर इथे बनायचं. वहिनी म्हणजे तिथल्या एका प्रोग्रॅमरची थोरली भावजय. त्याने हाक मारली तशी सगळेच मारू लागले. मुलांच्या मागे सात वर्षं घरात गेल्यावर ही नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर मिळाली होती. बोली आज संपत होती. पाच वाजता ऑफिस चालवणाऱ्या मोठ्या बाई वहिनींचं काम उघडून वाचणार आणि ठेवायचं की नाही ते सांगणार.

शेवटची कमिट दुरुस्त करायला गिटमध्ये, म्हणजे या नोंदी सांभाळणाऱ्या प्रणालीत, अमेंडची सोय असते. जुनी बाजूला पडते, तिच्या जागी नीट केलेली बसते, चुकीचा मागमूस राहत नाही. पण पुश झालेली, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक साठ्यात पाठवलेली असेल, तर ‘कुणी घेतली का?’ असं आधी खोलीत मोठ्याने विचारायचं, ही इथली रीत. विचारायचं म्हणजे चूक चौघांत सांगायची, तीही आजच्या दिवशी. तेवढं मात्र त्यांनी टाळलं. वहिनींनी फाइल आत घेतली, अमेंड केलं, जुनीवर नवी जबरदस्तीने पुश केली आणि पेलाभर पाणी प्यायल्या.

तीन वाजता शेजारच्या टेबलावरून दीर म्हणाला, “वहिनी, तुमची कमिट आहे का भुताटकी? सकाळी होती, आता दुसरीच दिसतेय. माझं पुश होईना.”

“तुम्ही कधी घेतलीत?”

“दहाला. तिच्यावरच तर दिवसभर काम करतोय. चारला रुग्णालयाला द्यायचंय.” त्याने डोकं खाजवलं. “मीच काहीतरी घोळ घातला असणार. लावतो पुन्हा सगळं.”

तो आपणहून दोष घेत होता. गप्प राहिलं तरी चाललं असतं. वहिनींनी खुर्ची त्याच्याकडे ओढली.

“भाऊजी, घोळ तुमचा नाही. मी अमेंड केलं. न विचारता.”

“न विचारता? घरी मी फ्रिज उघडला तरी विचारता, कशाला उघडला.”

“टोमणे जेवताना मारा. जुनी कमिट मिळेल का?”

“मिळेल. गिट आपल्या आईसारखं आहे, रिकामे डबेसुद्धा टाकत नाही.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “पण जुनी आणली, की विसरल्याचं कायमचं दिसणार. पाचला बाई तेच वाचतील. त्यापेक्षा मी माझं काम तुमच्या नवीवर लावून घेतो.”

“चारपर्यंत होईल?”

“साडेचार होतील.”

“मग जुनी आणा.”

जुनी जागेवर आली, दिराचं काम तिच्यावर चढलं, आणि त्यावर वहिनींनी वेगळी कमिट केली: ‘सकाळच्या कमिटमध्ये सुट्ट्यांची फाइल माझ्याकडून राहिली होती. ती आता घातली.’ चारला दहा कमी असताना सगळं रुग्णालयाला गेलं.

पाचला मोठ्या बाई वाचू लागल्या आणि सकाळच्या कमिटपाशी थांबल्या.

“आणखी एक आहे, ते इथे दिसणार नाही,” वहिनी म्हणाल्या आणि अमेंडचं सांगून मोकळ्या झाल्या.

बाईंनी ऐकून घेतलं. “न विचारता करायचं नाही, हे आता मी वेगळं सांगत बसत नाही. दुरुस्तीत काय राहिलं ते लिहिलंय. पण यादी नीट लागली का, हे दुसऱ्याने कसं तपासायचं?”

“ते लिहायचं राहिलं.”

“मग कमिट तशीच ठेवून कोडसोबतच्या टिपणाच्या फाइलमध्ये लिहा आणि घरी जा.”

“आणि उद्या?”

“उद्या नऊला या. आजच्यासारखं सव्वानऊला नको.”

वहिनी टेबलाशी गेल्या आणि टिपणाची फाइल उघडून लिहू लागल्या.