दुसरा दगड

बांधावर माणसं तीन होती, मोजणीचं यंत्र एक आणि आंब्याचं झाड एक. हद्दीचे दगड हवे होते दोन. सापडला होता एकच.

"मॅडम, एकवर भागत नही का?" नवलनं विचारलं.

"एका दगडातून रेषा कितीही जातात, भाऊ. त्यातली तुमच्या बांधाची कुठली, हे मी कसं सांगू?" दिपमाला हसली. साक्रीकडच्या या शिवारात ती धुळ्याहून मोजणीला आली होती.

उत्तरेचं शेत नवलचं, दक्षिणेचं अभिमन आबांचं. नवलला मधे कुंपण घालायचं होतं. आंबा त्याच्या बाजूला निघाला तर तो तोडणार होता. सावलीत कपाशी धरत नाही, हे त्यानं सकाळीच सांगून टाकलं होतं. आंबा आबांच्या बायकोनं, रुपलीनं लावलेला. ती गेल्यापासून ते दुपारची भाकर त्याच्याखालीच खात. घरी जेवलं की ताटाचा आवाज फार मोठा होई.

"दुसरा दगड बाभूयजोडे व्हता," नवल म्हणाला. "मना बाप इतलंच सांगे. बठ्ठा शिवारमा आते तुम्हीच जुना, आबा. सांगा!"

दिपमालानं बाभळीपाशी यंत्राची काठी धरून पाहिली. "हा बिंदू धरला तर आंबा आबांकडे राहतो. दोघांना मान्य असेल तर मी हाच धरते."

"माले मान्य शे. आबा, मान हालावा, काम व्हयनं!"

आबांनी बाभळीकडे पाहिलं. खाली काट्यांचा सडा पडला होता. रुपली त्या दुसऱ्या दगडावर बसून विळ्याला धार लावी आणि तिथूनच हाका मारी, 'भाकर सुकी ऱ्हायनी!' मान हलवली तर तिला आता काट्यांत बसवायचं.

"आठे नही," ते म्हणाले आणि दोन ढांगा आपल्याच शेतात सरकले. "आठे खंद."

"तुम्हनाच आंबा जाई ना, आबा!"

"खंद रे. माले शिकाडू नको."

हातभर गाळाखाली कुदळ खणकन वाजली. आबांनी धोतराच्या सोग्यानं माती पुसली. दगडाच्या माथ्यावर विळ्यानं पडलेली खोबण होती. त्यांनी तीत करंगळी ठेवून पाहिली.

"हाऊच का?" नवलचा आवाज खाली आला होता.

"हाऊच. तुनी काकी आठे बसे."

दिपमालानं पहिला दगड शून्य धरला. दुसरा तिथून पूर्वेला एकशे वीस मीटर, उत्तरेला तीस. म्हणजे पूर्वेला चार मीटर गेलं की रेषा एक मीटर उत्तरेला सरकते. आंबा पूर्वेला बरोबर साठ मीटरवर होता.

"साठची चौथाई पंधरा. आंब्याच्या सरळीत रेषा पंधरा मीटर उत्तरेला आहे," ती म्हणाली. मग तिनं बुंध्याशी काठी उभी केली, आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"आणि आंबा?" दगडावर बसल्या बसल्या आबांनी विचारलं.

"पंधरा मीटर चाळीस सेंटिमीटर. चाळीस सेंटिमीटर भाऊंच्या शेतात."