शेवटच्या रविवारची मैत्री

ऑर्विल टँडीने आयुष्यात एकाच माणसाला मन लावून घडवलं, आणि त्याचंच वाटोळं केलं. वाईट चिंतून नाही हो, मैत्रीखातर. म्हणून तर जास्त चीड येते.

१९३१ सालची गोष्ट. ऑर्विल मिलर्सफोर्डच्या बेसबॉल संघाचा कॅचर होता, म्हणजे फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. वय छत्तीस, गुडघे कामातून गेलेले, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी. एप्रिलमध्ये एमिल कुबिक नावाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आला, थेट पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीतून. चेंडूला वेग भलताच, पण अचूकतेच्या नावाने आनंदीआनंद. पहिल्याच सामन्यात त्याने समोरच्या दोन फलंदाजांना चेंडूने शेकवलं.

मॅनेजर ग्रोगन म्हणाला, "याला परत खाणीत धाडा. तिथे अंधारात कुठेही फेकलं तरी चालतं."

"महिनाभर माझ्याकडे द्या," ऑर्विल म्हणाला.

रोज सकाळी, बाकीचे अजून अंड्यांवर ताव मारत असताना, हे दोघे रिकाम्या मैदानावर. ऑर्विलने त्याला वळणारा चेंडू शिकवला. सामन्यात ऑर्विल मांड्यांच्या आड बोटांनी खूण करी: एक बोट म्हणजे वेगवान, दोन म्हणजे वळणारा. दुसरे पिचर मान हलवून नकार देत, वाद घालत. एमिलने वर्षभरात एकदाही मान हलवली नाही. "तुम्हाला दिसतं ते मला कुठे दिसतंय?" म्हणायचा. सप्टेंबरपर्यंत पठ्ठ्याने अठरा सामने जिंकून दिले. संघ मात्र चौथाच राहिला, त्याला एकटा एमिल काय करणार?

शेवटच्या रविवारचा सामना कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. समोरच्या संघात क्लाइड पर्डी होता, ऑर्विलचा जुना दोस्त. पाच हंगाम दोघं एका खोलीत राहिलेले. सामन्याआधी तो कुंपणापाशी आला.

"फटक्यांची सरासरी दोनशे अठ्ठ्याण्णववर अडकलीय रे. तीनशे झाली नाही तर यंदा नारळ मिळतोय."

"मग मी काय करू? बॅट धरून देऊ?"

"बॅट माझी मी धरतो. तू फक्त तोंड उघड."

यात नवल काहीच नव्हतं. हंगामाच्या अखेरच्या दिवशी, निकालाला अर्थ नसला की, जुन्या दोस्ताला कॅचरने पुढचा चेंडू कुठला ते हळूच सांगायचं, ही चाल सगळीकडे होती. पिचरला मात्र कळू द्यायचं नाही. कळलं की तो मुद्दाम हळू टाकतो, आणि पंचाला वास लागतो.

"वळतोय," ऑर्विल मुखवट्याच्या जाळीआडून पुटपुटला. पर्डीने चेंडू असा हाणला की दोन धावा आल्या. तिसऱ्या डावात तिन्ही बेसवर माणसं असताना पुन्हा तेच, चेंडू कुंपणापार. एमिल स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग बिचारा जीव खाऊन फेकू लागला, नेम सुटला, बाकीच्यांनीही त्याला धुतला. पाचव्या डावात पर्डीचा तिसरा फटका बसला आणि ग्रोगनने एमिलला बाहेर बोलावलं.

कपडे बदलायच्या खोलीत ग्रोगनने टोपी बाकावर आपटली. "वरच्या लीगमधून माणूस आला होता, कुबिक. तुला बघायला. घाबरशील म्हणून मी कुणालाच बोललो नव्हतो. पाचव्यात उठून गेला. म्हणाला, याचं वळण थकलेल्या पर्डीलासुद्धा ओळखू येतं, तर आमच्याकडचे याला सोलून खातील."

ऑर्विलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तो माणूस अजून स्टेशनवरच असणार, गाडीला तास होता. धावत जाऊन सांगितलं असतं तर? पण बारा वर्षांपूर्वी सट्टेबाजांचे पैसे खाऊन खेळाडू मुद्दाम हरल्याचा घोटाळा झाल्यापासून, सामन्यात असलं काही केल्याचं कळलं की जन्माची बंदी होती. ऑर्विलवर आणि पर्डीवरही. आणि छत्तिसाव्या वर्षी याला दुसरं येत काय होतं?

ग्रोगन बाहेर गेला. एमिल ऑर्विलशेजारी येऊन बसला.

"तुम्ही वर्षभर माझे चेंडू झेललेत. खरं सांगा, माझ्यात काही कमी आहे का?"

तोंड उघडायची हीच वेळ होती. मघाशी दोस्तासाठी किती सहज उघडलं होतं.

"वळण लवकर दिसतं तुझं," ऑर्विल बुटांच्या नाड्यांकडे बघत म्हणाला. "वर नाही चालायचं ते."

एमिलने मान डोलावली. याही वेळी वाद घातला नाही.

फेब्रुवारीत त्याचं पत्र आलं. पुन्हा खाणीत लागलो, पुढच्या हंगामाला येत नाही, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: "दुसरा कुणी असता तर खोटी आशा लावून ठेवली असती. तुम्ही तेवढे सरळ वागलात, हे मी विसरणार नाही."

ऑर्विलने उत्तर लिहायला चारदा घेतलं. चारही वेळा 'प्रिय एमिल'च्या पुढे त्याचा हात सरकला नाही.