प्रेसमधली गौर

मित्रांनो, कपाटावर धूळ खात पडलेलं प्रत्येक लाकूड सरपण नसतं, एवढं आधी ध्यानात घ्या. मी एक जुना प्रेस आहे. छापखान्यातला नव्हे आणि इस्त्रीवाल्याकडचाही नव्हे. वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलं रानातून फुलापानांसकट एखादी फांदी आणतात, ती कागदात घालतात आणि दोन फळ्यांमध्ये आवळून वाळवतात. त्या दोन फळ्या म्हणजे मी. नीट वाळवलेली फांदी माणसांच्या पिढ्यान् पिढ्या टिकते. वाळवण्यात हयगय झाली तर आठवड्यात तिच्यावर बुरशी धरते. म्हणून मला ओलीची फार धास्ती. आभाळ भरून आलं की मी आधी खिडकी उघडी आहे का ते बघतो, आणि कोल्हापुरात आभाळ भरून यायला काही निमित्त लागत नाही.

मला आकाराम सुतारांनी घडवलं. सागाच्या पातळ पट्ट्या आडव्या-उभ्या ठोकून त्यांनी माझी जाळी केली, आतून वारा खेळावा म्हणून. आवळायचे पट्टे मात्र चपला करणाऱ्या कारागिराकडून आणले. चपलेचंच कातडं ते, पाण्यात भिजलं तरी कुरकुर करत नाही. पहिली काही वर्षं माझी चंगळ होती. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, सगळीकडे मी मुलांच्या पाठीवर बसून फिरलो. "या प्रेसमधला नमुना काळा पडत नाही," असं प्राध्यापक म्हणत आणि मी फुगून जाई. पुढे आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात विजेवर तापणारी पेटी आली. गरज सरो, वैद्य मरो. मी कपाटावर गेलो आणि माझ्या डोक्यावर कुणीतरी मनीप्लांटची कुंडी ठेवली. झाडं वाळवणाऱ्याच्याच डोक्यावर झाड, याला काय म्हणावं?

तिथून मला खाली काढलं निशिगंधाने. विजेची पेटी काही डोंगरावर नेता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. बिद्रीजवळच्या गावातली ही शेतकऱ्याची मुलगी पीएच.डी. करत होती. विषय होता तेरडा. तुम्ही म्हणाल, तेरड्यात काय पाहायचं? तो तर परसात उगवतो. पण आपल्या जिल्ह्यात डोंगरमाथ्यावर सपाट कातळ असतात, त्यांना सडा म्हणतात. पावसात त्या सड्यांवर तेरड्याची किती तरी भावंडं फुलतात आणि थोड्या दिवसांत नाहीशी होतात. ती शोधायची, ओळखायची आणि वाळवून ठेवायची, असं तिचं काम होतं.

या कामासाठी तिला फेलोशिप मिळत होती. तिच्यावरच तिची खोली, जेवण, एसटीचा प्रवास, सगळं चालायचं. पण फेलोशिप म्हणजे आजोळचा खाऊ नव्हे. दर सहा महिन्यांनी समितीपुढे उभं राहून काय काम झालं ते दाखवावं लागतं. समिती शेरा देते. विभागाचा नियम असा, की लागोपाठ दोनदा 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा आला की फेलोशिप बंद. निशिगंधाला पहिला शेरा मिळून चुकला होता. आधीच्या पावसाळ्यात तिला एका सड्यावर अगदी बुटका, पांढरट फुलांचा तेरडा सापडला होता. तसा तेरडा या जिल्ह्यातून कुणी नोंदवलेला नव्हता. पण तिथे मोजकीच रोपं होती. तोडायचं तिचं मन झालं नाही, म्हणून तिने फोटो काढून आणले. समितीत बाहेरगावचे एक तज्ज्ञ सर होते. ते म्हणाले, "फोटो नको. नमुना आणा."

घरून तिचे वडील फोन करत. त्यांना ती दादा म्हणे. "फेलोशिप हाय तवर शीक बाळा," दादा म्हणायचे, "बंद झाली की मग आपलं गाव बरं. ती पावणी मंडळी किती दिस थांबत्यात?" पावणी मंडळी म्हणजे तिला सांगून आलेलं स्थळ. दादा वाईट नव्हते. तिचं शिक्षण त्यांनी त्या फेलोशिपच्या दोरीला बांधून ठेवलं होतं, एवढंच. फोन ठेवल्यावर निशिगंधा उगाचच माझे पट्टे सोडून पुन्हा आवळत बसे.

मंगळवार पेठेत ती चिमणाबाईंच्या घरी भाड्याने राहत असे. चिमणाबाई वयस्क, एकट्या आणि तोंडाने फटकळ. दर भाद्रपदात त्या पंचगंगेवरून गौर घेऊन यायच्या. आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याचीच रोपं. पाण्यावरून ती तांब्यात घालून आणायची, हळदीकुंकू वाहायचं, तीन दिवस माहेरवाशिणीसारखं तिचं कोडकौतुक करायचं आणि मग पाण्याकडे पाठवणी. त्या वर्षी चिमणाबाईंच्या गुडघ्यांनी संप केला होता. गौर यायच्या दिवशी पहाटे निशिगंधा मला पाठीशी बांधून सड्यावर निघाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "येताना माझी गौर आण गं. तेरड्याची."

"आणते की मावशी," निशिगंधा म्हणाली. एसटी स्टँडवर पोचेपर्यंत ती ते विसरली होती. समितीची बैठक त्याच आठवड्याच्या अखेरीस होती आणि तिच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

त्या दिवशी सड्यावर तो बुटका तेरडा तिला भेटला. यंदा रोपं बरी होती. तिने वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि दोनच रोपं मुळासकट काढली. तेवढ्यात असा पाऊस आला, की माझ्यातले सगळे कागद भिजून लगदा झाले. ओल्या कागदात नमुना घालणं म्हणजे त्याला कुजवणं. तिने रोपं ओल्या फडक्यात गुंडाळली, दुपारी घरी आणली, दाराशी पाण्याच्या तांब्यात उभी केली आणि कोरडी रद्दी आणायला पळाली.

मी कोपऱ्यात ठिबकत पडलो होतो. चिमणाबाई बाहेर आल्या. दाराशी तांब्या, तांब्यात तेरडा. त्यांचा चेहरा उजळला. "आली गं बाई माझी," असं म्हणून त्यांनी तांब्या उचलला. मित्रांनो, मला वाचा असती तर मी त्या क्षणी गल्ली गोळा केली असती. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तांब्याला खण नेसवला, हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि गणपतीशेजारी पाटावर गौर बसवली.

निशिगंधा रद्दी घेऊन आली तेव्हा भाजी-भाकरीचा नैवेद्यही दाखवून झाला होता. ती उंबऱ्यातच बसली.

"मावशी, ही गौर न्हाय. ह्यो माझा अभ्यास हाय. ह्यो समितीला दाखवायचा हाय."

चिमणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पाटाकडे पाहिलं. "अगं, हळदीकुंकू वाहिलं की. आता गौर न्हाय म्हणून कसं चालंल? सवाशीण घरात आल्याली, तिला हात धरून उठवू व्हय?"

निशिगंधाला ते पटलं नाही असं नव्हे. खोटं कशाला बोलू, चिमणाबाई दळण आणायला गेल्या तेव्हा ती पाटापाशी गेली होती. हात पुढे केला आणि मागे घेतला. तीही गौरीपुढे फुगड्या खेळूनच मोठी झाली होती. सड्यावर परत जावं, तर त्या पावसाने तिकडची एसटी बंद पडली होती. संध्याकाळी तिच्या मार्गदर्शक संयोगिता मॅडमचा फोन आला. "नमुना प्रेसमध्ये घातलास ना?" त्यांनी विचारलं. "घालते, मॅडम," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर रडली.

तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आहे. लोक ती माणसांच्या तात्पुरत्या उत्साहाबद्दल वापरतात. मी मात्र ते तीन दिवस एकेका फुलाकडे बघत काढले. त्याच सांजेला एक फूल गळालं. पुरणपोळीच्या दिवशी दुसरं गळालं. फूल नसलेला नमुना म्हणजे नाव नसलेला माणूस, तो ओळखायचा कसा? शेवटी एका रोपावर एकच फूल आणि एक कळी राहिली. निशिगंधाने पोळीचा तुकडा मोडला नाही, हे चिमणाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

पाठवणीच्या दिवशी सकाळी त्यांनी तिला समोर बसवलं. "खरं सांग. ही न्हाय न्हेलीस तर काय व्हईल?"

"फेलोशिप बंद. मग दादा म्हणतील, बास झालं. मग लगीन."

"आन् तुला काय पायजे?"

"मला शिकायचं हाय, मावशी."

चिमणाबाई उठल्या आणि त्यांनी पाटावरचा तांब्या उचलला. हल्ली पेठेतली मंडळी नदी घाण होऊ नये म्हणून गल्लीच्या तोंडाशी गुऱ्हाळातली मोठी काहील पाण्याने भरून ठेवतात. त्यातच विसर्जन होतं आणि फुलंपानं निर्माल्याच्या ढिगात जातात. ती काहील आमच्या खिडकीखालीच होती, त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलं. चिमणाबाईंनी आरती केली. ज्याची फुलं झडली होती ते रोप पाण्यात बुडवून निर्माल्यात दिलं. दुसरं बुडवलं, काढलं आणि पदरात घेतलं.

शेजारची तानाबाई म्हणाली, "पाठवणी केल्याली गौर परत घरात न्हेत्यात व्हय? भरल्या घराला बरं न्हवं."

चिमणाबाईंनी पदर घट्ट धरला. देवाधर्माच्या बाबतीत त्या घाबरट होत्या, हे मला माहीत होतं. तरी त्या म्हणाल्या, "घरात कुठं न्हेतोय? सासरी पोचवतोय. काय पाप लागायचं ते मला लागू दे."

मग माझी पाळी आली. निशिगंधाने ते रोप कागदावर पसरलं, पानं सरळ केली, फुलामागची बारीक शेपटी दिसेल असं फूल वळवलं. त्या जातीची खूण म्हणजे ती शेपटीच. पानावर हळदीचा डाग होता. तिने तो पुसला नाही, पुसताना पान फाटलं असतं. मग तिने माझे पट्टे ओढले.

बाहेर पावसाची झड, बैठक तोंडावर आणि तेरड्याचं देठ म्हणजे नुसतं पाणी. मला रात्रंदिवस एकच काळजी, वाळेल का? रोज सकाळी भाकरी झाल्या की चिमणाबाई कोमट तव्यावर वर्तमानपत्राचे कागद शेकत. निशिगंधा माझे पट्टे सोडून ओले कागद काढी आणि शेकलेले घाली. संध्याकाळी पुन्हा तेच. "काळं पडलं का गं?" चिमणाबाई विचारत. "न्हाय अजून." "मग जेव चार घास." मी इतकी वर्षं काम केलं, पण इतका जीव मुठीत धरून कधीच केलं नव्हतं.

बैठकीला निशिगंधा मलाच घेऊन गेली. टेबलावर माझे पट्टे सुटले, कागद उघडला. रोप हिरवट तपकिरी, सपाट आणि कोरडं होतं. बुरशीचा ठिपका नव्हता. बाहेरगावच्या सरांनी चष्मा वर केला. "पानावर हा पिवळा डाग कसला?"

संयोगिता मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. तिचे हात माझ्या फळीवर होते. "हळद आहे, सर," ती म्हणाली. "घरमालकीण मावशींनी हे गौर म्हणून बसवलं होतं. पाठवणी होईपर्यंत मला काढता आलं नाही."

एक सदस्य हसले. "हे संशोधन आहे की हळदीकुंकवाचा कार्यक्रम?"

सर हसले नाहीत. त्यांनी भिंग घेतलं आणि ते फुलावर कितीतरी वेळ वाकून राहिले. "शेपटी शाबूत आहे," अखेर ते म्हणाले. "जिल्ह्यात याची नोंद नाही, हे तुमचं म्हणणं खरं दिसतंय. डाग कशाचा, तेही नमुन्यासोबत लिहून ठेवा. जे घडलं ते लिहायला लाजू नये." शेरा मिळाला, 'प्रगती समाधानकारक'. त्याखाली एक ओळ होती. पुढच्या बैठकीला या जातीच्या बियांचा अभ्यास दाखवावा.

म्हणजे सुटका नव्हतीच. पुन्हा सहा महिने. तिने व्हरांड्यातून दादांना फोन केला. "चालू राहिली, दादा." मग दादा म्हणाले, "बरं झालं. त्या पावण्यांना मी न्हाय म्हणून सांगतो." ती भिंतीला टेकली आणि खाली बसली.

काही दिवसांनी चिमणाबाई रिक्षा करून विभागात आल्या. हातात खण, तांदूळ आणि नारळ. शिपायाने कुणाला भेटायचंय असं विचारलं, तर म्हणाल्या, "आमची लेक हितं दिलीया." निशिगंधाने कपाट उघडून नमुना दाखवला. चिमणाबाईंनी लांबूनच ओटी ठेवली.

"सासरी नीट बघत्यात न्हवं हिला?"

"बघत्यात की, मावशी. कीड लागू नये म्हणून औषध ठिवत्यात. अधनंमधनं काढून बघत्यात, बरी हाय का म्हणून."

"मग बरं." त्या वळल्या आणि निशिगंधाकडे पाहत राहिल्या. तिच्या गालाची हाडं वर आली होती. "आन् तुला कोण बघतंय?"

निशिगंधाने कपाटाचं दार लावून घेतलं. दारात संयोगिता मॅडम उभ्या होत्या. त्यांनीही ते ऐकलं होतं. त्या आत येऊन निशिगंधाच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदाच कामाखेरीज काहीतरी विचारू लागल्या.

मित्रांनो, आवळणं हे माझं कामच आहे. सैल सोडलं तर पान आकसतं, हेही खरं. पण नुसत्या आवळण्याने टिकलेलं फूल मी आजवर पाहिलेलं नाही. रोज कुणीतरी पट्टा सोडून ओला कागद काढावा लागतो आणि कोरडा घालावा लागतो. तुमच्या घरात किंवा शेजारच्या खोलीत एखादी ताई अशी सहा-सहा महिन्यांच्या पट्ट्यात आवळलेली असेल, तर निकाल काय लागला ते तिला मागाहून विचारा. आधी जेवलीस का, ते विचारा.