चुलीपाशी स्वगत

"स्वगताचं कार्य," संस्कृतीनं मोठ्यानं वाचलं आणि पेनाचं टोपण दातात धरलं.

"स्वागताचं उद्या बघू," सुपातले खडे वेचत मनकर्णा म्हणाली. "चहा तूच न्यायचाय."

"स्वागत न्हाई गं आई, स्वगत. नाटकात असतं. मनातलं मोठ्यानं बोलायचं. शेजारी जे उभे असतात, त्यांना ऐकू गेलं न्हाई असं धरायचं."

"बहिरे असत्यात का ते?"

"न्हाई. तसा संकेत असतो."

संस्कृतीचं अकोल्याच्या कॉलेजातलं हे पहिलं वर्ष. सोमवारी नाटकाचा पेपर होता आणि उद्या राजूरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. त्यांना याच उन्हाळ्यात लग्न उरकायचं होतं. पुढच्या शिक्षणाचं ते लग्नानंतर बघणार होते, म्हणजे कोणीच बघणार नव्हतं. संस्कृतीनं वडिलांना नको म्हणून सांगून पाहिलं होतं. "शब्द दिलाय," एवढंच मच्छिंद्र म्हणाला होता. मनकर्णा तेव्हा गप्प राहिली. सोयरिकीच्या गोष्टीत या घरात बायकांना कोणी विचारत नसे, आणि न विचारता बोलायची पद्धत नव्हती.

आता मच्छिंद्र ओसरीच्या खांबाला आरसा अडकवून उद्यासाठी दाढी करत होता. दार उघडंच होतं.

मनकर्णानं सूप खाली ठेवलं. नवऱ्याकडे पाहिलं नाही, लेकीकडेही नाही. तिनं चुलीकडे तोंड केलं.

"माझी शाळा सातवीला सोडवली," ती चुलीला म्हणाली. आवाज चांगला खणखणीत होता. "तवा कुनी इचारलं न्हाई. मला लई शिकायचं हुतं. आता हिचंबी तसंच व्हनार. मला हे पटत न्हाई."

मच्छिंद्रचा हात गालावरच थांबला. वहीतून मान वर काढायचं संस्कृतीला धाडस होईना. मनकर्णानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि ती खडे वेचू लागली.

मच्छिंद्रनं रेझर पाण्यात बुडवून ठेवला. एका गालावर फेस तसाच ठेवून, मोबाईल घेऊन तो अंगणात उतरला.

"पाव्हनं, उद्या येऊ नका. पोरीला शिकू द्यावं म्हनतो. व्हय, शब्द मीच दिल्ता. मोडतोयबी मीच."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"छे," मच्छिंद्र म्हणाला. "घरात कुनी काय बोललं न्हाई."